गच्ची पांढरी झालीच पाहिजे

चष्मेवाल्यांना फक्त गच्ची पांढरी करायची होती. निवडणूक लढवायची नव्हती, कुणाच्या वाटेला जायचं नव्हतं. चुना, ब्रश, बादली आणि एक रविवार, एवढ्यात काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून "हे अक्षर दिसतंय? आता दिसतंय?" असं विचारत आलेल्या माणसाला पुढचं काहीच दिसलं नाही, हे त्यांच्या बायकोने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

त्यांचं चष्म्याचं दुकान चौकात होतं आणि घर चौथ्या मजल्यावर. घराच्या डोक्यावर थेट गच्ची आणि गच्चीवर डांबर. हे डांबर साधंसुधं नव्हतं, अध्यक्षांचं होतं. पूर्वी ही गच्ची पावसाळाभर गळायची. इमारतीच्या समितीच्या अध्यक्षांनी स्वतः छत्री घेऊन उभं राहून कोपऱ्याकोपऱ्यात काळा थर चढवून घेतला आणि त्यानंतर एक थेंब आत आला नाही. हे श्रेय त्यांचंच आणि ते कुणी नाकारतही नव्हतं, कारण ते स्वतःच दर बैठकीत त्याची आठवण करून देत. फक्त त्या दिवसापासून वरच्या मजल्याचा तवा झाला होता. दुपारी भिंतीला टेकलेला माणूस, भाकरी उलटून दुसरी बाजू भाजायला द्यावी तसा कूस बदलत राही.

मागच्या उन्हाळ्यात चष्मेवाल्यांच्या आईला आपल्या खोलीत बसल्या जागी घेरी आली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खोली आहे. दुसऱ्याच दिवशी थोरला भाऊ, म्हणजे दादा, गाडी घेऊन दारात हजर.

"ही खोली आहे का भट्टी?" दादा म्हणाला. "आई माझ्याकडे येईल. माझं सगळं घर गार असतं. बटण दाबलं की झालं."

"तुझ्याकडे खिडकी उघडत नाही," आई म्हणाली.

"उघडायची कशाला? गार हवा बाहेर जाते."

"आणि मी बोलू कुणाशी? त्या बटणाशी?"

आईचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिची खिडकी फाटकाच्या बरोबर वर होती. कोण कामाला निघालं, कोण उशिरा आलं, कुणाचं पोर परीक्षेला बसलं, सगळ्यांची विचारपूस चौथ्या मजल्यावरून खणखणीत आवाजात होत असे आणि खालून उत्तरंही येत. एकदा ती आठवडाभर दादाकडे राहून आली होती. आल्यावर दोन दिवस ती खिडकीशी बसली, पण कुणाला हाक मारली नाही. तिचं ते गप्प बसणं चष्मेवाल्यांच्या मनातून अजून गेलं नव्हतं. त्यांना त्याची भीती वाटे, घेरीपेक्षाही जास्त.

शेवटी दादाने मुदत दिली. पुढच्या उन्हाळ्यात खोली अशीच तापली, तर तो कुणाचंही ऐकणार नव्हता.

गार हवेचं यंत्र चष्मेवाल्यांनाही बसवता आलं असतं, असं वाचकांना वाटेल. वीजवाल्याने तारा बघून सांगितलं होतं की या इमारतीत आणखी एक यंत्र लागलं तर सगळे अंधारात बसतील. शिवाय समोरच्या इमारतीत चष्मेवाले रोज बघत होते. प्रत्येक खिडकीखाली एक यंत्र, प्रत्येक यंत्र गरम हवा गल्लीत फेकतंय, गल्ली तापतेय, म्हणून पुढचा माणूस आणखी मोठं यंत्र आणतोय. सगळे मिळून एकमेकांना भाजत होते आणि वर चौकात भेटले की म्हणत, यंदा उन्हाळा फारच हो.

उपाय त्यांना सापडला पालिकेच्या कार्यालयात. दुकानाच्या परवान्यासाठी ते रांगेत उभे होते आणि भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर होतं. त्यावर एक हसतमुख कुटुंब आपल्या घराच्या छताला पांढरा रंग देत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'हवामान बदलतंय, आपणही बदलूया.' रांग काही पुढे सरकत नव्हती, त्यामुळे चष्मेवाल्यांचं ते पोस्टर पाठ झालं. पांढरं छत ऊन परत पाठवतं, काळं छत ऊन पोटात घेतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला, भिंगं आणि उजेड यांवर पोट भरणाऱ्या माणसाला, सुचू नये याची त्यांना लाज वाटली. ते परवाना न घेताच घरी आले.

संध्याकाळी ते अध्यक्षांकडे गेले.

"डांबराला हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "हमी आहे त्याची."

"हात कुठे लावतोय? वरून नुसता चुना."

"हमी काळ्या गच्चीची आहे. पांढरी झाली की ठेकेदार म्हणेल, ही गच्ची मी ओळखत नाही."

"अहो, आईला गेल्या वर्षी घेरी आली."

"त्यांना खाली बसवत जा. जिन्यात छान वारा असतो."

आपल्या आईला जिन्यात बसवायचा सल्ला ऐकून चष्मेवाल्यांचं पित्त खवळलं. एरवी गिऱ्हाईकाने चष्मा पायाखाली घेऊन तुमचीच काडी कच्ची म्हटलं तरी ते नम्रपणे हसत. पण त्या दिवशी ते उठले, दारात थांबले आणि म्हणाले, "गच्ची पांढरी होणार. काय करायचं ते करा." मग जिना उतरायच्या ऐवजी घाईत चढायला लागले ते बरंच झालं, कारण त्यांचं घर वरच होतं.

वरच्या मजल्यावर आणखी दोन बिऱ्हाडं होती, शिवणाच्या काकू आणि विम्याचे काका. दोघेही भाजून निघालेले, त्यामुळे चळवळ उभी राहायला फार भाषणं लागली नाहीत. रविवारी सकाळी सहाजण बादल्या घेऊन वर चढले आणि त्यांच्या मागोमाग अख्खी इमारत सल्ले घेऊन चढली. सल्ला देणाऱ्या माणसाचे हात नेहमी पाठीमागे बांधलेले असतात, हे चष्मेवाल्यांना त्या दिवशी कळलं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले ब्रश पूर्व-पश्चिम फिरवा. दुसरे म्हणाले छे, उत्तर-दक्षिण, नाहीतर पोपडे धरतात. विम्याचे काका म्हणाले चुन्यात मीठ घाला. शिवणाच्या काकूंनी तर घरून पातेलंच आणलं.

"खळ घाला," त्या म्हणाल्या. "मी कपड्यांना घालते तीच. चुना असा चिकटेल की बघत राहाल."

लोकशाही म्हणून सगळंच घातलं. फक्त एका गोष्टीवर कुणीच सल्ला दिला नाही, ती म्हणजे सुरुवात कुठून करायची. त्यांनी उत्साहात जिन्याच्या दारापासून सुरुवात केली. मागे सरकत, रंगवत, गप्पा मारत सहाजण टाकीपाशी पोचले, तेव्हा समोर सगळी गच्ची ओलीगच्च पांढरी, पाठीशी पाण्याची टाकी, आणि पायाखाली टाकीभोवतीचं तेवढंच काळं डांबर उरलं होतं. नेमके त्याच वेळी अध्यक्ष दारात आले.

"इकडे या," ते गरजले. "बोलायचंय."

"येता येत नाही," चष्मेवाले म्हणाले.

"मग मी येतो."

"नका येऊ! ओलं आहे!"

मग मधे पसरलेल्या पांढऱ्या मैदानावरून भांडण झालं. अध्यक्षांना अर्धंच ऐकू येत होतं आणि चष्मेवाल्यांचे पाय चपलांतूनही पोळत होते, त्यामुळे दर वाक्याला ते एक पाय उचलून दुसऱ्यावर उभे राहत. मुद्दे बिनतोड होते, पण असं नाचत नाचत मांडलेल्या मुद्द्यांना वजन येत नाही. चुना वाळेपर्यंत सहाजणांना तिथेच उभं राहावं लागलं. वाळला तेव्हा बादल्या रिकाम्या होत्या आणि टाकीभोवतीचा काळा तुकडा तसाच राहिला. अध्यक्षांनी लगेच जाहीर केलं की तो तुकडा आता समितीचा आहे आणि त्याला कुणी शिवायचं नाही.

पहिला आठवडा मुंग्यांनी घेतला. काकूंची खळ त्यांना फारच आवडली. त्या गच्चीवरून रांगेने खाली उतरून आईच्या खोलीत विश्रांती घेऊन पुन्हा वर जात. मुंग्यांपाठोपाठ पाखरं आली, पाखरांनी चुना टोचून टोचून काळे ठिपके पाडले आणि गच्ची देवी आल्यासारखी दिसू लागली. बायको म्हणाली, "झाली हौस?" आई म्हणाली, "माणसं वर येत नव्हती, मुंग्या तरी आल्या." चष्मेवाल्यांनी सगळं खरवडलं आणि खळ न घालता पुन्हा चुना दिला. या वेळी सुरुवात टाकीच्या बाजूने केली.

आणि गच्ची झळकली. इतकी, की समोरच्या इमारतीत राहणाऱ्या गाण्याच्या बाई दुकानात आल्या त्या डोळ्यांवर पदरासारखा रुमाल धरून.

"मी डोळे मिटून गाते," बाई म्हणाल्या. "तर मिटल्या डोळ्यांनाही तुमची गच्ची दिसते. शिष्य सूर सोडून शिंकतात. करायचं काय आम्ही?"

बाईंचं म्हणणं रास्त होतं. ऊन परत पाठवायचं ठरलं, पण ते परत जाताना कुणाच्या घरातून जाईल याचा विचार पोस्टरवरच्या त्या हसतमुख कुटुंबानेही केलेला नव्हता. चष्मेवाल्यांनी माफी मागितली, सवयीने बाईंचा नंबर तपासला आणि त्यांना एक काळा चष्मा भेट दिला. इथे त्यांचं चुकलं. माफी मागून थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा मजला आला, तिसऱ्या दिवशी खालचा मजला आला, ज्याच्या घरात या गच्चीचा कवडसाही पोचत नव्हता तोसुद्धा "डोळे फार दिपतात हो" म्हणत आला. चष्मेवाल्यांनी सगळ्यांना काळे चष्मे वाटले. आठवडाभरात समोरच्या साऱ्या सज्ज्यांत माणसं काळे चष्मे लावून भाजी निवडताना, पेपर वाचताना, लेकरांना भरवताना दिसू लागली.

रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी पालिकेला कळवलं की या गल्लीत डोळे आल्याची साथ पसरलीय.

आरोग्य खात्याची गाडी आली. औषधाच्या बाटल्या घेऊन दोघे घरोघर फिरले आणि सगळ्यांचे डोळे ठणठणीत बघून वैतागले. साथ कुठून आली विचारलं, तर सगळ्यांनी एकमुखाने गच्चीकडे बोट दाखवलं. आता आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला जा, म्हणून त्यांनी बांधकाम खात्याला कळवलं आणि चष्मेवाल्यांना बोलावणं आलं.

बांधकामाचे साहेब ज्या खुर्चीत बसले होते, तिच्या बरोबर मागे ते पोस्टर होतं.

"गच्चीचा रंग बदलायला परवानगी लागते," साहेब म्हणाले.

"तुमच्या मागे बघा ना," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी वळून पोस्टर पाहिलं. ते तिथे आहे हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळलं. "हे पर्यावरण विभागाचं. आमचा संबंध नाही."

"मग पर्यावरण विभाग कुठे बसतो?"

"सगळ्यात वरच्या मजल्यावर. पण तिथे जाऊ नका, कुणी नाही. फार तापतं हो वर. सध्या ते आमच्यातच बसतात."

आणि खरंच, शेजारच्या टेबलावर फाइलने वारा घेत बसलेल्या गृहस्थांनी हात वर केला. "पोस्टर माझंच," ते म्हणाले. "पण आम्ही फक्त सुचवतो. खरंच कुणी करेल असं धरलेलं नव्हतं."

चष्मेवाल्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी साहेबांनी मार्ग काढला. रहिवाशांच्या सभेने बहुमताने ठराव करावा, तो इथे यावा, मग विचार होईल, आणि तोपर्यंत गच्चीला ब्रश लावायचा नाही. ठराव फेटाळला गेला, तर गच्ची पुन्हा काळी करून द्यायची, तीही चष्मेवाल्यांनीच.

उन्हाळा आता ऐन भरात आला होता. दादाचा फोन आला, रविवारी येतो, आईचं सामान काढून ठेव. आईने सामान काढलं नाही. ती म्हणाली, "सभा कधी आहे?" सभाही रविवारीच होती. अध्यक्षांनी ती मुद्दाम भर दुपारी आणि गच्चीवरच ठेवली होती, प्रत्यक्ष पाहणी म्हणून. टळटळीत उन्हात वर कोण मरायला येतंय, चौघे येतील, त्यांतले तिघे आपले, असा त्यांचा होरा.

पण अख्खी इमारत आली. आईने गेले आठ दिवस खिडकीतून प्रचार केला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच विचारी, "मला इथून घालवायला कोण कोण येणार आहे रविवारी?" आता याला काय उत्तर देणार? ज्यांचं डांबरावर मनापासून प्रेम होतं, तेही मान खाली घालून म्हणत, "तसं नाही हो आजी."

चुन्यावर डाग नकोत म्हणून लोक चपला दारात काढून आत आले. अध्यक्षांना वाटलं, आपण एकट्यानेच चपला पायात ठेवल्या तर ते भ्याल्यासारखं दिसेल. त्यांनीही काढल्या. मतमोजणीला हात वर करायला सांगितलं, तर प्रत्येकाचा एक हात छत्रीला आणि दुसरा रुमालाला गुंतलेला. मग विम्याच्या काकांनी तोडगा सुचवला, पांढऱ्याच्या बाजूचे पांढऱ्यावर उभे राहा, काळ्याच्या बाजूचे टाकीपाशी काळ्यावर.

अध्यक्ष ताठ मानेने चालत काळ्या तुकड्यावर गेले. त्यांच्यामागे त्यांचे चार निष्ठावंत गेले. पहिला निष्ठावंत पाय टेकताच "आई गं" म्हणून परतला. दुसरा टाचांवर, तिसरा बोटांवर, आणि चौथा टाकीच्या नळाला लोंबकळून थोडा वेळ टिकला. मग तेही गेले. राहिले एकटे अध्यक्ष. चेहरा लालबुंद, मिशा थरथरतायत, पण पाय जागचा हलला नाही. चष्मेवाल्यांना एकदम त्यांच्याविषयी आदर वाटला. इतका अडेलतट्टूपणा आपल्या बाजूला असता तर काय काय झालं असतं, असंही वाटलं. त्यांनी दारातून अध्यक्षांच्या चपला आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या.

"घाला," ते म्हणाले. "मत बदलावं लागणार नाही."

"मोजणी झाली का?" अध्यक्षांनी दात आवळून विचारलं.

"झाली."

तेव्हा कुठे ते चपलांकडे न बघता, एकेक पाऊल सावकाश टाकत पांढऱ्यावर आले. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी इथे उभा आहे म्हणजे पांढऱ्याला मत दिलं असं कुणी समजू नये."

कुणी समजलं नाही. ठराव एका मताच्या विरोधाने मंजूर झाला आणि लोक टाळ्या वाजवत असतानाच खाली दादाच्या गाडीचा भोंगा वाजला.

चष्मेवाले धावत घरी आले. त्यांना पक्कं ठाऊक होतं, खोली काही थंडगार झालेली नाही. पूर्वी छताकडून भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ यायची, ती आता येत नव्हती. भिंतीचा चटका बसत नव्हता, ती कोमट लागत होती. माणसाला राहता येईल इतपत खोली झाली होती आणि त्यांना तेवढंच हवं होतं. पण दादाच्या बटणापुढे हे कोमटपण कसं टिकणार? ठराव, टाळ्या, ते उन्हातलं शौर्य, सगळं त्या क्षणी फोल वाटलं.

आई पलंगावर पडली होती, डोळे मिटून. दादा रिकामी बॅग घेऊन दारात उभा राहिला. जिने चढून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आई, चल," तो म्हणाला. "गाडी खाली आहे."

आईने डोळे उघडले नाहीत. पायाशी पडलेली चादर तिने हळूच वर ओढली, थेट हनुवटीपर्यंत.

"तो पंखा जरा कमी करा रे," ती म्हणाली. "गार लागतंय मला."

चष्मेवाले जवळच उभे होते. आईच्या कपाळावर, केसांच्या कडेला घामाचे बारीक थेंब त्यांना स्वच्छ दिसले. दादा दारात होता, त्याला दिसण्यासारखे नव्हते. चष्मेवाल्यांनी जाऊन पंखा एका आकड्याने कमी केला. मग दादाकडे बघून विचारलं, "अजून कमी करू का?"

दादाने कपाळ पुसलं. छताकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. चष्मेवाल्यांच्या बायकोने तर जाऊन अंगावर शाल घेतली.

"बरं," दादा अखेर म्हणाला. "राहू दे तिला. मी पुन्हा येईन बघायला." आणि बॅग काखेत मारून तो जिन्याच्या वाऱ्याला निघून गेला.

पावलं खालपर्यंत गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तेव्हा आईने एक डोळा उघडला.

"गेला?"

"गेला."

"मग वाढव की तो पंखा, मेल्या! शिजले मी!" तिने चादर लाथेने उडवली, उठून खिडकीशी गेली आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीला जोरात हात केला. मग मागे न बघताच म्हणाली, "आणि तो टाकीजवळचा काळा तुकडा कधी करतोयस? माझ्या पलंगाच्या बरोबर वर येतो तो."

पालिकेचा निर्णय यायचा होता. तोपर्यंत ब्रश लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. चष्मेवाल्यांनी पंखा पूर्ण वाढवला, चुन्याची बादली उचलली आणि ते वर गेले.